कोटेशनतात्या

मी स्लॅशर घेतला त्या संध्याकाळची गोष्ट. यंत्र टेम्पोतून उतरवून अंगणात ठेवलं होतं. बायकोनं त्याला हळदकुंकू लावलं होतं. मी नारळ हातात घेतला, एवढ्यात बांधावरून बॅटरीचा उजेड हलत हलत येताना दिसला. गावात लोखंडाची नवी वस्तू आली की तात्यांना कसं कळतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बारशाचं आमंत्रण त्यांच्यापर्यंत पोचत नाही, टेम्पोचा आवाज पोचतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यंत्राभोवती एक फेरी मारली, गुडघे टेकले, बॅटरी दातात धरली आणि खिशातून पाना काढून गिअरबॉक्सच्या कडेचा बोल्ट सैल केला. पाना घरून आणला होता. भोकात करंगळी घातली, बाहेर काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. करंगळी कोरडी ठणठणीत.

"तेल?"

"असेल की आत, तात्या. नवीन आहे."

"कुणी घातलं? तुझ्या सासऱ्यानं?"

सासरे ओसरीवर चहा पीत बसले होते. ते काही बोलले नाहीत.

नवा गिअरबॉक्स पुष्कळदा कोरडाच येतो, वाटेत तेल सांडू नये म्हणून. ज्याला हे ठाऊक नाही तो नारळ फोडतो, यंत्र ट्रॅक्टरला जोडतो आणि दोन-चार ओळी व्हायच्या आत आतल्या दातांचं पीठ पाडून ठेवतो. "९० नंबरचं तेल आण. ह्या भोकातनं भायेर यायला लागंस्तोवर भर. रातभर मुरू दे, सकाळी परत बघ. नारळ उद्या," एवढं बोलून तात्या आले तसे बांधावरून निघून गेले. माझा स्लॅशर आज तिसऱ्या हंगामात आहे आणि गिअरबॉक्स शाबूत आहे. हा उपकार ज्या माणसाचा, त्याच्या स्वतःच्या बागेत त्या दिवशी गवत मांडीला लागत होतं.

तात्यांना खरं नाव आहे. ते सातबाऱ्यावर आणि जावळाच्या पत्रिकेवर सापडतं. एरवी सगळा तासगाव तालुका त्यांना कोटेशनतात्या म्हणतो. पण हे आमच्याच गावचं वैभव आहे असं समजू नका. निफाडकडे माझे साडू असतात, त्यांच्या गावीही असा एक गृहस्थ आहे म्हणे. जिथं द्राक्षाची बाग, तिथं चिलीम म्हणावा एवढा लहान ट्रॅक्टर. आणि जिथं लहान ट्रॅक्टर, तिथं त्याच्या मागं काय जोडावं याची चौकशी करणारा एक मोठा माणूस, असा काहीतरी निसर्गनियम असावा.

तात्यांचा सदरा दोन खिशांचा. डाव्या खिशात मोजायची टेप, उजव्यात पेन आणि चष्मा. खांद्याला कुठल्याशा प्रदर्शनात फुकट मिळालेली पिशवी, आणि पिशवीत ती डायरी. विमा एजंटानं कधीकाळी दिलेली. तिच्यावरची तारीख-वार खोडून तात्यांनी स्वतःच्या हातानं पानांना नंबर घातलेत. आत कोटेशनं चिकटवलेली. पंख्याचं कोटेशन, पत्र्याचं कोटेशन, ब्लोअरचं, विहिरीच्या मोटारीचं. पंखा घेताना त्यांनी एक अख्खा उन्हाळा विचार केला आणि पंखा पावसाळ्यात लागला. मुलीच्या लग्नाला मात्र दोनच स्थळं बघून होकार दिला. त्यावर त्यांचं म्हणणं, "माणसं पुढंमागं सुधारत्यात मास्तर. गिअरबॉक्स सुधारत न्हाई."

मी मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि दीड एकर बाग बाळगतो. गावात वडीलधारी माणसंही मला अहोजाहो करतात, पण तात्यांनी मला त्यांच्या विहिरीवर विनाचड्डीचं पोहताना पाहिलेलं असल्यामुळे त्यांच्याकडून ती अपेक्षा मी कधीच सोडून दिली.

तात्यांचा ट्रॅक्टर ही एक दुखरी जागा आहे. लहान ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून चार वर्षं चौकशी चालली होती. डायरीत १८ एचपी की २७ एचपी असा वाद रंगात आला होता. अशात पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं, बापाचा आनंद बघावा म्हणून, परस्पर पैसे भरून ट्रॅक्टर दारात उभा केला. हार घातलेला, फुगे लावलेला, २४ एचपीचा. तात्यांनी तो बघितला आणि म्हणाले, "चोवीस?" पुढं चार दिवस ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. पंचवीस वर्षं पत्रिका जुळवणाऱ्या माणसाच्या पोरानं कोर्टात जाऊन लग्न करून यावं, तसं त्यांना झालं होतं.

आता गवताकडे वळतो, कारण सगळ्याचं मूळ ते आहे.

पूर्वी आमच्याकडे बाग स्वच्छ ठेवायची रीत होती. दोन ओळींमधल्या गल्लीत गवताची काडी दिसली तर शेतकरी आळशी ठरायचा. रोटाव्हेटर फिरवायचा की काळीभोर माती कशी पाटावर चाळल्यासारखी. मग २०१९ चा ऑक्टोबर आला. फळछाटण्या होऊन बागा फुटव्यात, फुलोऱ्यात, आणि पाऊस थांबेना. डाऊनी रोगाला आवतणच. औषध तर त्याच दिवशी मारायला हवं, आणि ब्लोअर घेऊन बागेत शिरलेला ट्रॅक्टर तिसऱ्या वेलापाशी चिखलात बसलेला. त्या हंगामात आमच्या गावात जेवढे ट्रॅक्टर रुतले तेवढे बैलही कधी रुतले नसतील. तेव्हा एका पडीक बागेकडे बोट दाखवून तात्या पहिल्यांदा म्हणाले होते, "त्या गवतातनं बघ, जीप जाईल."

आणि ते बरोबर होतं. गल्लीत गवत असलं की मुळ्यांची जाळी माती धरून ठेवते आणि चाकाला बूड मिळतं. रोटाव्हेटरची पाती वरच्या चार-सहा इंचांतल्या द्राक्षाच्या पांढऱ्या मुळ्या तोडतात, ते टळतं. पात्याच्या खाली जो घट्ट थर बसत जातो, तो बसत नाही. पाऊस बांध फोडून माती नेत नाही. कापलेलं गवत जागीच कुजून पुन्हा मातीत जातं. हे सगळं तात्यांनी आम्हाला पारावर बसून समजावलं. आम्ही ऐकलं. त्या वर्षी गावात ठरलं की गल्लीतलं गवत उपटायचं नाही, नुसतं कापत राहायचं. तात्यांचंही ठरलं. कापायचं कशानं, तेवढं ठरायचं राहिलं.

ते राहिलं ते राहिलंच.

तात्यांच्या मते गवत कापायची यंत्रं तीन जातीची. (चौथी जात रोटाव्हेटरवाल्यांची, त्यांना ते माणसात धरत नाहीत.) पहिला स्लॅशर. लोखंडी पत्र्याखाली आडवं फिरणारं एक जड पातं, उसाच्या कोयत्यासारखं. त्याला धार बेताचीच असते. तात्या म्हणतात तसं, "ह्येला धार नगं, झपका पाह्यजे." चांगल्या स्लॅशरच्या पात्याचं टोक ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढं पळतं, म्हणून गवत, गाजरगवत, बोटाएवढं झुडूप सगळं तोडत जातं. दगड लागला तर पातं आपल्या खिळ्यावर मागं दुमडतं आणि यंत्र वाचतं. दगड मात्र कुठं जाईल हे दगडालाच माहीत. दुसरा मल्चर. त्यात आडव्या नळकांड्याला डझनांनी लहान लहान पाती लोंबत असतात. तो गवताचा चुरा करतो, एप्रिलच्या खरड छाटणीतल्या काड्यांचेही तुकडे करतो, आणि दगड फारसे उडवत नाही. पण तो जड, महाग आणि खादाड. त्याच रुंदीला स्लॅशरपेक्षा बरीच जास्त ताकद खातो. तिसरी कात्रीपट्टी. न्हाव्याच्या मशीनसारखे दात पुढंमागं सरकतात, ताकद अगदी थोडी लागते, आणि गवत अख्खंच्या अख्खं आडवं पडतं. एखादी तार किंवा ठिबकची नळी दातात आली की मात्र तिचं रडगाणं सुरू.

आता घराचं ऐका. तात्यांना मल्चर हवा, कारण काड्या. ट्रॅक्टरला स्लॅशर सोसतो. आणि काकूंची, म्हणजे तात्यांच्या बायकोची, म्हैस आहे.

"त्या चुऱ्याला म्हस तोंड लावंल का?" काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं. हा प्रश्न एकाही माहितीपत्रकात नाही. मल्चरनं बारीक केलेलं गवत मातीत मिसळून जातं, गोळा करायला गेलं तर हातात धूळ येते. स्लॅशरनंही ते चेंदामेंदा होऊन पडतं. म्हशीसाठी अख्खी पेंडी हवी, म्हणजे कात्रीपट्टी. कात्रीपट्टीनं काड्या होत नाहीत. तेव्हा काड्या की म्हैस, या पेचात तात्या तीन वर्षं अडकले, आणि तोवर काकू रोज सकाळी विळा घेऊन दोन गल्ल्या कापून आणत राहिल्या. तात्या बांधावर बसून त्यांना वेळ लावत. "तासाला अर्धी गल्ली," अशी एक नोंद डायरीत पान ३३ वर आहे. तिच्यापुढं कंसात 'इंधन : चहा' असं लिहिलंय. ते काकूंनी वाचलं त्या दिवशी घरात चहा झाला नाही.

पण दुसऱ्याला सांगायला बसले की याच माणसाची वाणी काय चालते! आमच्या गावात आज अकरा यंत्रं आहेत, आणि अकराच्या अकरा तात्यांनी ठरवून दिलेली. मला कसं शिकवलं ते सांगतो. मी विचारलं होतं, माझ्या ट्रॅक्टरला किती फुटी स्लॅशर चालेल.

"तुझा पगार किती?"

मी सांगितला.

"आणि हातात किती येतो?"

तोही सांगितला. कर्जाचा हप्ता, पतसंस्था, व्यवसाय कर, सगळी कपात जाऊन.

"ट्रॅक्टरचं बी तसंच. बॉनेटवर लिवलेला एचपी हा त्याचा पगार. मागच्या दांड्याला पोचतो तो हातात येणारा. शंभराला पंच्याऐंशीच्या आसपास धर. संसार हातातल्या पगारावर करायचा असतो का बॉनेटवरच्या?"

मागचा दांडा म्हणजे पीटीओ. सहा खाचांचा, मिनिटाला ५४० फेरे घेणारा. इंजिनाच्या किती फेऱ्यांना तो ५४० भरतो ते प्रत्येक ट्रॅक्टरचं वेगळं असतं, आणि तेवढ्यावर इंजिन नेल्याशिवाय गवतात घुसायचं नाही, नाहीतर गवत कापायच्या ऐवजी नुसतं झोपतं. तर समजा २४ चा ट्रॅक्टर, म्हणजे हातात २० च्या आसपास. स्लॅशरला फुटाला पाचेक एचपी. म्हणजे चार फूट. आता गल्ली बघा. दोन ओळींत नऊ फूट अंतर, दोन्हीकडे वेलाच्या बुडाशी ठिबकची नळी, तिच्यापासून फूट-दीड फूट तरी लांब राहायचं. म्हणजे उरली सहा-सात फुटांची गल्ली. चार फुटी यंत्र जाताना एका कडेनं, येताना दुसऱ्या कडेनं, झालं काम. शिवाय ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांचं माप यंत्राच्या रुंदीच्या आत बसलं पाहिजे. नाहीतर चाकानं झोपवलेलं गवत यंत्राच्या बाहेर राहतं आणि दुसऱ्या दिवशी उठून उभं राहतं, ते बागेला दाढी करताना कल्ले ठेवल्यासारखं दिसतं.

मग उंची. तीन-चार इंच ठेवायचे. फार खाली कापलं की उंच वाढणारी गवतं मरतात आणि जमिनीलगत सरपटणारी हराळी सगळ्या बागेची मालकीण होते. मग वजन. जड यंत्र मागं उचललं की लहान ट्रॅक्टर पुढून हलका होतो, नमस्काराला उठल्यासारखी पुढची चाकं वर येतात. तेव्हा पुढं वजनाचे ठोकळे लावलेत का ते बघायचं. एकानं ठोकळ्यांऐवजी बॉनेटवर भाच्याला बसवलं होतं. तात्यांनी त्याला आणि भाच्याला दोघांनाही शिव्या घालून खाली उतरवलं. त्या शिव्या ज्यांनी ऐकल्या त्यांनी ठोकळे दुसऱ्या दिवशी आणले. यंत्र चालू असताना मागं माणूस दिसला तर तात्या लांबून ढेकूळ मारतात. "ढेकूळ लागंल, बरं. दगूड आला तर डोळा जाईल."

एवढं पाठ असलेल्या माणसानं स्वतःसाठी काहीच घेऊ नये, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. मग एका डिसेंबरात मी त्यांच्याबरोबर मोशीला गेलो.

पुण्याजवळ मोशीला किसान प्रदर्शन भरतं. तात्यांची ती वारी. चार वाजता उठून, धपाटी बांधून, मफलर गुंडाळून आम्ही निघालो. आत शिरल्यावर लोक आधी मोठे ट्रॅक्टर बघतात, मग ड्रोन बघतात, मग पोरांना भेळ देतात. तात्या सरळ गवत कापणाऱ्या यंत्रांच्या मांडवात गेले आणि पहिल्या यंत्राखाली आडवे झाले. नुसते पाय बाहेर. स्टॉलवरचा टाय घातलेला मुलगा घाबरून पाणी घेऊन आला.

"पात्याच्या बोल्टाचा आटा कुठल्या बाजूचा?" खालून आवाज आला.

"सर, आपण फॉर्म भरता का? नाव, गाव, मोबाईल..."

"बेअरिंग कुठलं हाय? आणि मोडलं तर तासगावात मिळंल का सांगलीला जावं लागंल?"

मुलगा म्हणाला, साहेब जेवायला गेलेत. साहेब येईपर्यंत तात्या बाहेर निघाले, कपडे झटकले आणि शेजारी उभ्या असलेल्या एका बार्शीच्या शेतकऱ्याला, त्यानं न विचारताच, पातं मागं दुमडतं ते कसं हे दाखवायला लागले. त्याच्या मागं दोघे थांबले, मग दहा. पगाराचं उदाहरण झालं, चाकाच्या मापाचं झालं, करंगळीचं झालं. कुणीतरी मागून ओरडलं, "मोठ्यानं बोला साहेब!" टायवाल्या मुलानं हळूच माईक आणून दिला. तात्यांनी माईक हातात घेतला, त्याचा पत्रा किती गेजचा ते बघितलं, आणि पाऊण तास बोलले. जेवून साहेब परत आले तेव्हा तीन यंत्रांचं बुकिंग झालं होतं. साहेबांनी तात्यांना एक टोपी दिली. तात्यांनी टोपी घेतली आणि कोटेशन मागितलं.

परतीच्या वाटेवर त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की पंढरपूरहून येणाऱ्या माणसाचा नसेल. "काय ठरलं मग?" मी विचारलं. त्यांनी मांडीवरच्या अठरा माहितीपत्रकांवर हात ठेवला. "आत्ता कुठं विषय कळायला लागलाय," ते म्हणाले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बाजारातलं प्रत्येक यंत्र आज त्यांचं आहे. एक घेतलं की बाकीची सतरा हातची जाणार.

त्यांना कुणी यावरून टोचलं की ते किर्लोस्करवाडी काढतात. ती आमच्याच जिल्ह्यातली, पलूसजवळ, १९१० साली वसलेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्याआधी बेळगावला कडबा कापायची यंत्रं केली आणि १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. ही गोष्ट बाकीचे लोक शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगतात. तात्यांचा अर्थ वेगळा. "अडाणी कशानं? चौकशी चालली असंल की दोन वर्सं. आमचा आजा त्यातच आसणार."

आता डेमो.

गेल्या पावसाळ्यात तात्यांच्या बागेतून धामण निघाली. काकूंनी विळा खाली ठेवला आणि सांगितलं, आठ दिवसांत काय ते करा, न्हाईतर मी माहेरला निघाले. माहेर म्हणजे शेजारचं गाव, पण धमकी ती धमकी. तात्यांनी एका कंपनीला फोन करून डेमो मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात चूक कुणाची हे अजून पारावर ठरायचंय. एक पोरगा टेम्पोतून स्लॅशर घेऊन आला. यंत्र तात्यांच्या ट्रॅक्टरला जोडलं. चालवायला मी, कारण तात्यांना बांधावरून नोंदी करायच्या होत्या.

पहिली गल्ली झकास झाली. मांडीएवढं गवत मागं साफ पडत होतं, हिरवा वास सुटला होता, काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. गल्ली संपत आली. मांडवाच्या शेवटच्या अँगलच्या पलीकडे काकूंच्या शेणींचा ढीग, पावसाचा कागद घालून नीट रचलेला. मी वळायचं म्हणून क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही.

मी क्लच आणखी दाबला. तो आधीच खालपर्यंत गेला होता. ट्रॅक्टर शांतपणे, कुणीतरी पाठीमागून ढकलत असल्यासारखा पुढं निघाला होता. मागून तात्यांचा आवाज आला, "पान बेचाळीस! पान बेचाळीस!" मला आयुष्यात इतका निरुपयोगी सल्ला कुणी दिलेला नाही. ब्रेक सापडेपर्यंत आम्ही, म्हणजे मी, ट्रॅक्टर आणि स्लॅशर, अँगलला खांदा देऊन शेणींत शिरलो होतो. स्लॅशर अजून फिरत होता. सगळं अंगण बारीक शेणीनं सारवून निघालं, आणि डेमोवाल्या पोराचा पांढरा शर्टही.

धूळ बसल्यावर तात्या शांतपणे आले, डायरी उघडली आणि वाचून दाखवलं. पातं जड असतं आणि जोरात फिरत असतं. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते, पण पातं एकदम थांबत नाही. ते आपला जोर शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्सला देतं आणि तिथून चाकांना. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरला हे हटकून होतं. त्यावर उपाय म्हणजे पीटीओच्या दांड्यावर एक जोड बसवायचा, जो जोर एकाच दिशेला जाऊ देतो. "सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. पायडल मारला तर चाक फिरतं, पण चाक फिरलं म्हणून पायडल फिरत न्हाई." आणि तो जोड नसेल तर आधी गिअर न्यूट्रल करायचा.

"ह्या जोडाचं कोटेशन आहे तुमच्याकडे?" मी केसातलं शेण काढत विचारलं.

"दोन हायत."

"मग लावला का नाही?"

"स्लॅशर घेतल्याबिगर कसा लावू?"

काकू एवढा वेळ गप्प होत्या. त्या पुढं आल्या, पडलेल्या शेणींतल्या चांगल्या दोन-चार उचलून बाजूला ठेवल्या आणि म्हणाल्या, "ते पान धा मिंटं आधी मोठ्यानं वाचायला काय झालं हुतं?" डायरीत या प्रश्नाला पान नव्हतं.

डेमोवाला पोरगा यंत्र घेऊन गेला. तात्यांनी त्याला जाता जाता कोटेशनचं विचारलं, तो ऐकू न आल्यासारखा टेम्पोत बसला. पुढचे काही दिवस तात्या तब्येत बरी नाही म्हणून झोपून होते.

आणि एका गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, काकू एसटीनं तासगावला गेल्या त्या टेम्पोतून परत आल्या. टेम्पोत चार फुटी स्लॅशर. सहा महिन्यांची दुधाची बिलं साठवलेली, ती सगळी मोजून आलेल्या.

मी धावत गेलो. तात्या आधीच उठून अंगणात आले होते. बंडीवरच, टोपीसुद्धा नाही. काकूंनी टेम्पोवाल्याचे पैसे चुकते केले आणि आत जाऊन चूल पेटवली, जणू आठवड्याचा भाजीपाला आणला होता. तात्यांनी यंत्राभोवती फेरी मारली. खिशात पाना नव्हता, तो मी दिला. कडेचा बोल्ट सैल करून करंगळी घातली. बाहेर काढली तर तेलानं माखलेली. मग दुसऱ्या बाजूनं वाकले. पातं दुमडणारं. उंचीची पट्टी चार भोकांची. शाफ्टला संरक्षक नळी. आणि टेम्पोच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेलं आणखी काहीतरी होतं, ते उघडलं. फ्रीव्हीलचा जोड.

"कुणाला इचारलंस?" तात्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं विचारलं.

"तुमाला," आतून आवाज आला. "दुपारी झोपला हुता तवा. पान एकाहत्तर. दोन रेघा मारल्यात खालनं. त्येच दावलं दुकानात."

तात्या काही बोलेनात. "आणि म्हशीचं?" एवढंच त्यांनी थोड्या वेळानं विचारलं.

"कडंच्या दोन गल्ल्या ठेवा म्हशीला. त्या मी कापीन. बाकीच्या तुमी."

तीन वर्षं न सुटलेला पेच दोन वाक्यांत संपला होता आणि आत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला होता. मला तात्यांची भीती वाटायला लागली. देवळातला देव चोरीला गेल्यावर पुजारी जसा दिसेल, तसे ते त्या यंत्रापुढं उभे होते. मी आपला विषय काढावा म्हणून म्हटलं, "यंत्र कसं आहे तात्या?"

"यंत्राला नाव ठेवायला जागा न्हाई," ते म्हणाले आणि ओट्यावर टेकले. बराच वेळ यंत्राकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांची नजर तिथून सरकली, अंगण ओलांडून शेडकडे गेली, आणि तिथं उभ्या असलेल्या २४ एचपीवर थांबली. खिशाकडे हात गेला. बंडीला खिसा नव्हता. ते उठून आत गेले आणि चष्मा, टेप आणि एक नवी कोरी डायरी घेऊन बाहेर आले. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात त्यांनी सावकाश एक आकडा घातला.

"मास्तर, एवढं गुणाचं यंत्र आणि त्येला हा ट्रॅक्टर?" ते माझ्या कानाशी येऊन, आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले. "टेपेचं ते टोक धर जरा. आणि मोशी औंदा किती तारखेपासनं हाय बघ."